नशेची गोळी सुटावी म्हणून जिभेखालची गोळी चालू केलीय? या चुका टाळा

आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात. धाकटा भाऊ ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा, कंबर धरली म्हणून कुणीतरी ट्रामाडॉल (अफूवर्गातली, सवय लावणारी वेदनेची गोळी) दिली आणि त्यात सहा वर्षं गेली. 2018 ला ही गोळी अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात आली तरी त्याला कुठून ना कुठून मिळतच होती. आता दीड वर्ष झालं तो ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे ही सवय सोडवायला जिभेखाली ठेवायच्या गोळीवर आहे आणि बरा आहे, पण पहिले काही महिने आम्ही घरच्यांनी आणि त्यानंही जे घोळ घातले ते लिहून ठेवतोय.

पहिला घोळ पहिल्याच दिवशी. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली, हा म्हणाला काल दुपारी. खरं तर पहाटे चारला घेतलेली, भीतीनं. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागा पकडते पण आधीच्या औषधाला तिथून ढकलून देते, स्वतः मात्र अर्धीच चालते, त्यामुळे अंगात आधीचा माल शिल्लक असताना घेतली तर विथड्रॉल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, एकदम अंगावर येतो. तासाभरात नाक गळाय लागलं, अंगावर काटा, उलट्या, पाय एका जागी ठेववेनात. आम्हाला वाटलं औषधाची रिअ‍ॅक्शन! साध्या गोळ्यांनंतर साधारण 12 ते 24 तास थांबावं लागतं, लांब टिकणाऱ्या असतील तर अजून जास्त, आणि त्रास सुरू झालेला दिसला की मगच पहिला डोस. म्हणून डॉक्टरांना वेळ खरी सांगा, लाज वाटली तरी.

दुसरं मला कळायला महिना गेला. रोज म्हणायचा, "दादा, ही गोळी लागतच नाही बघ, उगंच पैसे घालवूलालोय आपण." मग एकदा सकाळी मी नुसता बसून बघितलं. यानं गोळी जिभेखाली टाकली, आईनं स्टीलच्या पेल्यात चहा दिला, याचे दोन घोट, तोंडात आलेली लाळ गटकन गिळली, संपलं! अहो ती गोळी पोटात गेली की लिव्हर बहुतेक औषध तिथंच संपवून टाकतं, ती जिभेखालीच विरघळायला पाहिजे, पाच-दहा मिनिटं, बोलायचं नाही, गिळायचं नाही, चहा-तंबाखू काही नाही. आधी एक घोट पाण्यानं तोंड ओलं करा म्हणजे लवकर विरघळते. विरघळल्यावर पाण्यानं चूळ भरा आणि ब्रश तासाभरानं करा, दातांना जपायचं असतं (आमच्याकडं मिश्रीवाले आहेत, त्यांनी तर जास्तच). डोस वाढवा म्हणायच्या आधी हे तपासा. आमचा डोस तोच राहिला, गोळी लागाय लागली.

घरच्यांची चूक म्हणजे घाई. आई म्हणायची, एक व्यसन सोडून दुसरं लावलं डॉक्टरनं. मीही महिनाभर तेच बोलत होतो, खोटं कशाला सांगू. पण हा आता सकाळी उठून कामाला जातो, गोळीसाठी गावभर फिरत नाही, फरक तिथं आहे. चार महिन्यांनी लग्नाची बोलणी निघाली तेव्हा सगळ्यांनी मिळून गोळी बंद करायला लावली, दहाव्या दिवशी हा परत जुन्या गोळीवर. आणि यात खरा धोका हा की मधल्या काळात अंगाची सवय उतरलेली असते, मग जुन्या मापानं घेतलं की श्वास थांबू शकतो. कमी करायची तर डॉक्टरांसोबत, हळूहळू, महिनोन्महिने. काहींना वर्षानुवर्षं लागते, लागू दे.

जत्रेला गेलो, गोळ्या घरी राहिल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेतली, असंही करू नका. तीन-चार दिवस चुकले असतील तर मनानं सुरू करू नका, फोन करून विचारा.

दारू आणि झोपेच्या गोळ्या यांचा विषय वेगळा काढतो कारण गोवा आपल्याला जवळ. चोर्ला घाटातून आलेली बाटली आणि वर शेजाऱ्याची अल्प्राझोलाम, हे ब्युप्रेनॉर्फिनसोबत झालं तर श्वास मंद होतो. माणूस हलवून उठत नाही, घोरण्याचा विचित्र आवाज, ओठ निळे, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, 108 लावा, कुशीवर झोपवा, काय काय घेतलंय ते सगळं सांगा. उतारा म्हणून नालोक्सोन असतं, हॉस्पिटलमध्ये देतात.

नाल्ट्रेक्सोन ही वेगळीच गोळी, अफूवर्गातल्या औषधांचा परिणाम अडवणारी, नाव नालोक्सोनसारखं वाटतं म्हणून घोळ होतो. ती अफूवर्गातलं सगळं बंद करून कमीत कमी सात ते दहा दिवस, ब्युप्रेनॉर्फिन चालू होती तर दोन आठवड्यांपर्यंत, झाल्याशिवाय घ्यायची नाही, कुणाची उरलेली तर नाहीच नाही.

बद्धकोष्ठ होतंच, पाणी आणि इसबगोल. गोळ्या कडीकुलुपात ठेवा, पोरांच्या हाती एकही गोळी लागली तर जीवावर बेतू शकतं. कोल्हापूर, गडहिंग्लजकडं जाणार असाल तर चिठ्ठी सोबत ठेवा, आणि कुठल्याही ऑपरेशनआधी डॉक्टरांना सांगा की ही गोळी चालू आहे, नाहीतर वेदनेची औषधं नीट लागू पडत नाहीत. कन्नडमधलं समजत नसेल तर काउन्सेलरला सरळ म्हणा मराठीत सांगा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मन फारच खचलं तर टेली-मानस 14416, तिथं भाषा निवडता येते.