परसातली घरटी: मदत करताना या चुका टाळा

चिमणीसाठी हौसेनं लावलेली पेटी रिकामी राहिली, की दोष चिमण्यांना दिला जातो. खोट बहुतेक वेळा पेटीत किंवा तिच्या जागेत असते.

आधी भोक पट्टीनं मोजा. चिमणीला 32 मिलिमीटर पुरतं. ते 45-50 मिलिमीटर असलं, की साळुंकी आत शिरते आणि पेटी बळकावते. तेवढ्यासाठी पेटी टाकू नका. 32 मिलिमीटरचं भोक पाडलेला प्लायवुडचा तुकडा वरून स्क्रूनं बसवा. भोकाखालची दांडी कापून टाका. चिमणी कडेला नखांनी धरून आत जाते, दांडीचा आधार कावळ्याला मिळतो. भोक तळापासून 12 ते 15 सेंटिमीटर वर हवं, नाहीतर मांजराचा पंजा थेट पिल्लांपर्यंत पोचतो. तळ साधारण 15 बाय 15 सेंटिमीटरचा ठेवा आणि त्यात पाणी निघून जायला 5-6 मिलिमीटरची चार भोकं पाडा. आतून रंधा मारू नका. खरबरीत फळीवरच पिल्लांना चढता येतं. पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा मात्र नकोच, एप्रिल-मेमध्ये तो आतून भट्टीसारखा तापतो.

पेटी अडीच ते तीन मीटर उंचीवर, वळचणीखाली, हलणार नाही अशी पक्की ठोका. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. म्हणून तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. दाण्याची थाळी पेटीला लटकवण्याची पद्धत वाईट आहे. त्या दाण्यांवर खारी, उंदीर आणि कावळे येतात आणि त्यांना घरट्याचा पत्ता लागतो. थाळी लांब ठेवा. चिमणी घरात घरटं करत असेल, तर त्या खोलीतला छताचा पंखा बंद ठेवा. त्याच्या पात्यांनी चिमण्या मरतात.

बुलबुल, पान शिवून घरटं करणारा शिंपी आणि फुलांतला मध पिणारा चिमुकला शिंजीर हे पक्षी पेटीत जात नाहीत. त्यांची घरटी आपल्या कात्रीखाली येतात. छाटणीपूर्वी जास्वंद, अंजीर, कर्दळ यांची पानं नीट पाहा. कडा एकमेकींकडे ओढलेलं पान आणि कडेच्या बारीक छिद्रांतून डोकावणारे कापसाचे पुंजके दिसले, तर ते शिंप्याचं घरटं. पान देठाला जिवंत असतं, म्हणून हिरवंच राहतं आणि पटकन लक्षात येत नाही. दोरीला किंवा वायरला लोंबणारी जळमटांची पिशवीही झाडूनं ओढण्याआधी निरखा: बाजूला भोक आणि त्यावर छोटी वळचण असेल, तर ती शिंजिराची. छाटणी शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत उरका.

घरटं बांधताना आणि अंडी उबवताना पक्षी सर्वांत बिथरतो. सारखं डोकावलं तर घरटं सोडून जातो. लांबून, शक्यतो दुर्बिणीनं पाहा. फोटोसाठी आडोशाची पानं तोडणं हा तर गुन्हाच समजा, कारण तोच आडोसा कावळ्यापासून वाचवतो. कायद्यानंही, 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात, वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत मोडतं.

आता खाली सापडलेलं पिल्लू. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते पडलेलं नाही, घरट्याबाहेर आलेलं आहे. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच बाहेर पडतात आणि आईबाप झुडपात भरवत राहतात. मांजर-कुत्रं आवरा, पिल्लाला जवळच्या झुडपात ठेवा आणि निघून जा. उघडं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र अलगद उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. घरटंच मोडलं असेल, तर भोकं असलेल्या लहान टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला बांधा. दूध-पाव भरवू नका; तोंडात पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जातं. जखमी पिल्लासाठी वन विभागाला फोन करा.

घरट्यासाठी साहित्य ठेवायचं तर सुकं गवत आणि काथ्याचे 5-7 सेंटिमीटरचे तुकडे पुरेत. नायलॉनचा धागा, मांजा, केस नकोत: पिल्लाच्या पायाला गुंडाळून रक्तपुरवठा तोडतात. विणीच्या काळात बागेत कीटकनाशक मारू नका. दाणे खाणाऱ्या चिमणीलाही पिल्लांसाठी अळ्या लागतात.

पिल्लं उडाली, की आठवड्याभरानं पेटी उघडा. चिमणी लगेच पुन्हा अंडी घालते, म्हणून आत अंडी नाहीत याची खात्री करूनच जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता आणि कडक उन्हात वाळवा.