मधुमेही मांजर घरी सांभाळताना: इन्सुलिन, खाणं आणि साखरेची मोजणी

मांजराला मधुमेह झाल्याचं कळलं की घरच्यांना पहिली धास्ती सुईची बसते. सुई आठवडाभरात अंगवळणी पडते. धास्ती घ्यायचीच तर इन्सुलिन जास्त पडण्याची घ्यावी. रक्तातली साखर काही दिवस ४०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) राहिली तर मांजर पाणी फार पितं, लघवी फार करतं, वजन उतरतं. हे वाईटच, पण सुधारायला वेळ मिळतो. साखर ४० च्या खाली गेली तर हाताशी वेळच उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका: शंका असेल तर ते इंजेक्शन देऊ नका. एरवी खाऊन-पिऊन धड असलेल्या मांजराचा एखादा डोस हुकल्याने काही बिघडत नाही.

कोणतं इन्सुलिन आणि किती, हे पशुवैद्य ठरवतात. बहुतेक मांजरांची सुरुवात दर १२ तासांनी १ युनिटच्या आसपास होते. मांजर अंगाने मोठं असलं तरी पहिल्याच आठवड्यात २ युनिटच्या वर सहसा जात नाहीत. तुम्हाला याहून बराच मोठा आकडा सांगितला गेला असेल तर ऐकण्यात चूक झाली नाही ना, हे एकदा फोन करून विचारा.

बाटली आणि सिरिंजची जोडी

घरगुती चुकांमधली सगळ्यात घातक चूक इथे होते. यू-४० इन्सुलिनच्या १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, यू-१०० मध्ये १००. मांजरांना दिलं जाणारं ग्लार्जिन हे इन्सुलिन साधारणपणे यू-१०० असतं. प्रोटामिन झिंक आणि डुकराच्या इन्सुलिनपासून बनवलेलं लेंटे ही जनावरांसाठीची औषधं यू-४० असतात. सिरिंजही तशाच दोन प्रकारच्या. यू-४० च्या सिरिंजचं टोपण बहुधा लाल, यू-१०० चं नारिंगी. पण रंगावर विसंबू नका, नळीवर छापलेला आकडा वाचा.

अदलाबदल झाली तर काय होतं ते पाहा. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत ओढलं तर मांजराला २.५ युनिट जातात. उलट केलं तर फक्त ०.४ युनिट जातं आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून पुढच्या भेटीत डोस वाढवला जातो. मग कधीतरी कोणी योग्य सिरिंज आणतं आणि तो वाढवलेला डोस पहिल्यांदाच पुरा पडतो. घरी यू-३०० चं ग्लार्जिन असेल तर ते मांजराच्या औषधांजवळ ठेवूही नका.

यू-१०० चं १ युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर, साधारण एका थेंबाचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा औषधात बारीक बुडबुडासुद्धा अर्ध्या डोसाची जागा खातो. त्यामुळे ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज घ्या. बाटली उलटी धरून लागतं त्यापेक्षा थोडं जास्त ओढा, नळीला टिचकी मारून बुडबुडा वर आणा, तो ढकलून बाहेर काढा आणि मग दट्ट्याची रबरी कड नेमकी रेघेवर आणा. प्रत्येक वेळी उजेडात, डोळ्यांच्या पातळीला धरून बघायचं.

बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रिजच्या आतल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्याजवळही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते गढूळ झालं की संपलं. दुधाळ इन्सुलिन देण्याआधी नीट एकजीव करावं लागतं: काही प्रकार तळहातांत हलकेच घोळवायचे असतात, काही चांगले हलवायचे, तेव्हा सोबतच्या पत्रकात असेल तसं करा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. साखर विनाकारण चढू लागली तर डोस वाढवण्याआधी ती तारीख बघायची. आणि डोस मोजायला सोपं जावं म्हणून इन्सुलिनमध्ये पाणी किंवा दुसरं काही मिसळू नका.

टोचणं

जागा: छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची सैल कातडी. मानेमागची कातडी सोयीची वाटते, पण तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने औषध शोषलं जाण्याचा भरवसा नसतो, शिवाय रोज तिथेच टोचलं तर कातडी जाड होते. सकाळी डावी बाजू, संध्याकाळी उजवी, आणि रोज बोटभर पुढे-मागे, असं ठेवलं की लक्षात राहतं.

चिमटीने कातडी उचला, म्हणजे खाली तंबूसारखी पोकळी होते. सुईचं तिरकं कापलेलं तोंड वर ठेवून, अंगाला जवळजवळ समांतर धरून ती त्या पोकळीत सरकवा. दट्ट्या पूर्ण दाबा, सुई बाहेर काढा, मग चिमूट सोडा. नंतर त्या जागी बोट फिरवून वास घ्या. केस ओले लागले, औषधाचा उग्र वास आला, तर सुई आरपार गेली किंवा औषध बाहेर सांडलं. अशा वेळी किती आत गेलं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.

घरात दोघं जण इंजेक्शन देत असाल तर फ्रिजच्या दारावर तक्ता लावा आणि टोचल्याबरोबर वेळ व नाव लिहा. ‘मला वाटलं तू दिलं नाहीस’ यातून दुप्पट डोस पडतो. पडलाच तर डॉक्टरांना लगेच फोन करा, मांजराला खायला द्या आणि दर तासाला साखर मोजत राहा. इन्सुलिनचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून दोन तास ठीक गेले एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या डब्यात. एक सुई एकदाच.

आधी जेवण, मग इन्सुलिन

वाटी समोर ठेवायची, मांजर खायला लागलंय हे डोळ्यांनी बघायचं आणि मगच टोचायचं. बरीच मांजरं खाता खाता टोचलेलं मनावरही घेत नाहीत. खाल्लंच नाही किंवा नुसतं हुंगून बाजूला झालं, तर पूर्ण डोस देऊ नका, डॉक्टरांना विचारा. निम्मं खाल्लं तर किती द्यायचं, हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घ्या. रात्री अकराला फोन लागत नाही, तेव्हा तो कागद कामाला येतो. इन्सुलिन दिल्यावर उलटी झाली तर साखर मोजा आणि तासातासाने मोजत राहा.

दोन मुख्य जेवणं इन्सुलिनच्या वेळेला ठेवली की हिशोब सोपा जातो. दिवसभर थोडं थोडं खाणाऱ्या मांजरालाही चालतं, कारण मांजराची साखर जेवणानंतर माणसासारखी झपकन चढत नाही. अट एवढीच की दिवसाचं एकूण खाणं मोजलेलं हवं. घरात इतर मांजरं असतील तर खाणं वेगळ्या खोलीत द्या, नाहीतर मधुमेही मांजराने किती खाल्लं हे कोणालाच सांगता येणार नाही.

काय द्यायचं? भरपूर प्रथिनं आणि कमी कर्बोदकं असलेलं ओलं अन्न. कर्बोदकांतून येणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या साधारण १२ टक्क्यांच्या आत हव्यात. हा आकडा डब्यावर बहुधा छापलेला नसतो, तो काढावा लागतो. १०० मधून प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, पाणी, राख (म्हणजे खनिजं) आणि तंतू यांचे टक्के वजा करा. उरलं ते कर्बोदकं. समजा ओल्या अन्नात प्रथिनं ११, स्निग्ध ५, पाणी ७९, राख २, तंतू ०.५. उरले २.५. आता प्रथिनं व कर्बोदकांना ३.५ ने, स्निग्धांना ८.५ ने गुणा: ३८.५ अधिक ४२.५ अधिक ८.७५, म्हणजे १०० ग्रॅममागे जवळपास ९० कॅलरी, त्यातल्या कर्बोदकांच्या १० टक्क्यांहून थोड्या कमी. चालेल. कोरड्या दाण्यांचा असाच हिशोब करा: प्रथिनं ३२, स्निग्ध १२, पाणी ८, राख ७, तंतू ४ असतील तर कर्बोदकं ३७ उरतात आणि त्यांचा वाटा ३८ टक्क्यांच्या घरात जातो. पाकिटावर ‘धान्यविरहित’ लिहिलेलं असलं तरी हिशोब करा; धान्याऐवजी बटाटा किंवा वाटाणा घातलेला असतो.

इथे एक सापळा आहे. इन्सुलिन चालू असताना दाणे बंद करून एकदम ओलं अन्न सुरू केलं तर दोन-तीन दिवसांतच इन्सुलिनची गरज घसरू शकते, आणि कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज धोक्याचा ठरतो. बदल आठवडा-दोन आठवडे घेऊन करा, त्या काळात रोज साखर मोजा, आणि डोस कमी करावा लागेल हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

लठ्ठ मांजराचं वजन उतरवणं हा उपचाराचाच भाग आहे, पण सावकाश: आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का. ६ किलोच्या बोक्याला हे ३० ते ६० ग्रॅम पडतं, म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा काटा हवा. मांजराला उपाशी ठेवून वजन कमी करायला जाऊ नका, त्याच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकतं. दिवसभर काहीच न खाल्लेलं मांजर दवाखान्यात न्यावंच लागतं.

साखर मोजणं

दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणाने चढते, म्हणून घरचा आकडा जास्त खरा. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. ती शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचायचं. आधी कान कोमट कापडाने अर्धा मिनिट शेकावा. टोचायच्या जागी पेट्रोलियम जेलीचं अगदी पातळ बोट फिरवलं तर रक्त केसांत न पसरता थेंब गोल उभा राहतो. कानामागे कापसाचा बोळा धरा, नाहीतर लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, तुमच्या बोटात जाईल. थेंब ग्लुकोमीटरच्या (साखर मोजायच्या यंत्राच्या) पट्टीला टेकवा आणि नंतर कापसाने १५-२० सेकंद दाबून धरा, म्हणजे काळंनिळं होत नाही. पहिले काही दिवस रक्त येतच नाही असं वाटतं. टोचून झाल्यावर, आकडा येवो न येवो, काहीतरी आवडीचं, कर्बोदकं नसलेलं खायला द्या.

माणसांचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठीचं मीटर मांजराच्या कोडवर लावलेलं असलं की आकडा जास्त भरवशाचा. कोणतंही वापरा, पण दोन मीटरचे आकडे एकाच वहीत मिसळू नका.

प्रत्येक इंजेक्शनआधी मोजावं. नवख्याने २०० च्या खाली आकडा दिसला तर इंजेक्शन थांबवावं, जेवण न देता अर्ध्या तासाने पुन्हा मोजावं आणि तरीही २०० च्या खाली असेल तर तो डोस सोडून डॉक्टरांना कळवावं. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. मीटर मिलिमोल दाखवत असेल तर त्याला १८ ने गुणा.

डोस बरोबर आहे का, हे इंजेक्शनआधीच्या एका आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी १२ तास दर दोन तासांनी मोजून आलेख काढायचा. १५० च्या खाली गेलं की तासातासाने. सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान आला तर उत्तम. तो ८० च्या खाली असेल तर नुसती सकाळची साखर जास्त आहे म्हणून डोस वाढवणं म्हणजे संकटाला बोलावणं. वाढ करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, अर्ध्या युनिटने, आणि पुन्हा हात लावण्याआधी पाच-सात दिवस जाऊ द्यायचे. कमी करायला मात्र थांबायचं नसतं.

इंजेक्शनची वेळ चुकली तर? तास-दोन तास उशीर चालतो. त्याहून जास्त झाला तर तो डोस सोडा. राहिलेला डोस पुढच्यात मिळवायचा नाही, कधीच नाही.

साखर खाली गेली तर

एकाएकी भूक भूक करणं, मागचे पाय लटपटणं, शून्यात बघत राहणं, बाहुल्या मोठ्या होणं, थरथर, आणि पुढे झटके. काही मांजरं मात्र काहीच न दाखवता कोपऱ्यात गप्प बसतात. आधी मोजा, पण लक्षणं स्पष्ट असतील तर मोजण्यात वेळ घालवू नका.

मांजर गिळू शकत असेल तर लगेच खायला द्या. इथे कोरडे दाणेच हवेत, त्यासाठी थोडे जपून ठेवावेत. सोबत चमचाभर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी थोडं थोडं चाटवा. शुद्ध हरपली असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. मध बोटावर घेऊन ओठाच्या आतून हिरड्यांना चोळा, दातांच्या मध्ये बोट जाऊ देऊ नका, आणि चोळता चोळताच दवाखान्याची वाट धरा. शुद्धीवर आलं तर दर १५ मिनिटांनी मोजा. मधाचा असर लवकर संपतो, इन्सुलिनचा नाही. त्यामुळे मांजर बरं दिसलं तरी दवाखान्यात फोन करायचाच, आणि पुढचा डोस त्यांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही.

उलट बाजूचा धोका

साखर चढलेली, खाणं बंद, उलट्या, मरगळ, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास: हे किटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचल्याचं लक्षण. लघवीत बुडवायची किटोनची पट्टी घरात असू द्या. पट्टीचा रंग बदलला आणि मांजर मलूल असेल तर ‘शंका असेल तर टाळा’ हा नियम इथे लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळी किंवा तोंडाने द्यायचं पातळ औषध घेणाऱ्या, म्हणजे बेक्साग्लिफ्लोझिन वा व्हेलाग्लिफ्लोझिनवर असलेल्या मांजरात साखर जवळपास ठीक दिसत असतानाही किटोन चढू शकतात, तेव्हा तिथे मीटरच्या आकड्यावर समाधान मानू नये.

डोस वाढत चाललाय आणि साखर हलत नाही, असं असेल तर आधी बाटली, सिरिंज आणि टोचण्याची पद्धत तपासा. मग दात, मूत्रमार्गाचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, आणि खाजेसाठी दिलेली स्टेरॉइडं. या सगळ्यातून काही निघालं नाही तर वाढ-संप्रेरक वाढवणारी पियुषिका ग्रंथीची गाठही असू शकते. तिची रक्ततपासणी होते.

निदान लवकर होऊन खाणं आणि डोस नीट जमले तर काही मांजरांचं इन्सुलिन पहिल्या काही महिन्यांत सुटतं. साखर वरचेवर १०० च्या आसपास दिसू लागली की डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. बंद झाल्यावरही ओलं अन्न तसंच चालू ठेवायचं, स्टेरॉइड टाळायची, सुरुवातीला आठवड्यातून एकदा कान टोचून बघायचं आणि लिटर बॉक्समधले लघवीचे गोळे पुन्हा मोठे व्हायला लागलेत का यावर नजर ठेवायची.