लोगो तुमचा, पण मालक कोण? या चुका टाळा

जमीन घेताना आधी सातबारा बघतात. ब्रँड, सॉफ्टवेअर, डिझाइन यांच्या बाबतीत मात्र ‘पैसे आम्ही दिले, म्हणजे वस्तू आमची’ असं धरून चालतात. कंपनीच्या अशा बौद्धिक संपदेची मालकी तपासायला घेतली की सर्वांत जास्त घोळ इथेच निघतो.

पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. फ्रीलान्सरचं तसं नाही. त्याने काढलेला लोगो किंवा लिहिलेला कोड बिल चुकतं केल्यावरही सहसा त्याचाच राहतो. हक्क त्याच्या सहीने, लेखीच घ्यावे लागतात. आणि त्या कागदातही मेख आहे. मुदत लिहिली नाही तर हक्क ५ वर्षांपुरता, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता, आणि १ वर्षात वापरला नाही तर तोही संपतो. म्हणून ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर, वर्षभरात वापर झाला नाही तरी’ हे शब्द त्यात हवेतच. मूळ फायलीही मागून घ्या, नुसत्या जेपीजीवर भागवू नका.

शोधाचं तर याहून वेगळं. कर्मचाऱ्याचा शोध आपोआप कंपनीचा होईल अशी तरतूद पेटंट कायद्यात नाही. ते कलम नेमणूकपत्रातच घाला.

ट्रेडमार्कचा, म्हणजे ब्रँडचं नाव किंवा चिन्ह नोंदवण्याचा, अर्ज केला की लगेच पाकिटावर गोलातला ‘आर’ छापतात. नोंदणीआधी तो छापणं बेकायदा आहे, दंड होऊ शकतो. तोवर ‘टीएम’ लिहा. नोंदणीची मुदत १० वर्षांची, पण ती मोजायची अर्जाच्या तारखेपासून, प्रमाणपत्राच्या नव्हे. चुकलीच तर पुढचे ६ महिने अधिभार भरून नूतनीकरण होतं. अर्जावर ट्रेडमार्क कार्यालय काढतं त्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात आणि तो अहवाल बहुधा एजंटच्या ई-मेलवर पडून असतो. अर्जाची स्थिती दर महिन्याला त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. नोंदणी ज्या प्रकारच्या माल-सेवेसाठी आहे तो वर्गही तपासा: मसाला ३०मध्ये, लोणचं २९मध्ये, उपाहारगृह ४३मध्ये. मसाल्याच्या नोंदणीच्या भरवशावर त्याच नावाने हॉटेल काढू नका.

नव्या बाटलीचा फोटो आधी इन्स्टाग्रामवर आणि डिझाइनचा अर्ज मागाहून, असा उलटा क्रम फार दिसतो. डिझाइन असो वा पेटंट, अर्जाआधी जगजाहीर झालं की नोंदणीला लागणारं नावीन्य गेलं. पेटंटचा पूर्ण मसुदा तयार नसेल तर तात्पुरता अर्ज टाका, पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात.

मसाल्याचं प्रमाण वगैरे गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, आधार करारांचा. ते प्रमाण कोणाकोणाला ठाऊक आहे याची यादी करा, त्यातल्या प्रत्येकाची गोपनीयतेच्या करारावर सही आहे का ते बघा.

तपासणीला एक एक्सेल पुरे. रकाने पाच: काय आहे, कोणाच्या नावावर, क्रमांक, मुदत कधी संपते, मूळ कागद कुठे. वेबसाइटचं डोमेनही त्यात घ्या. ते बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी खासगी जीमेलवर असतं.