चिमूटभर हिंग आणि ज्वारीचं पीठ: ब्रिटनमध्ये ग्लुटेनशिवाय घर मांडताना

तुम्ही नुकतेच आला आहात. बॅगेत आईने दिलेली थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लिंबाचं लोणचं आणि हिंगाची डबी असणार. आणि डॉक्टरांनी सिलिअ‍ॅक डिसीज असल्याचं सांगितलंय, म्हणजे ज्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं ती गहू, सातू (बार्ली) आणि राय ही धान्यं जन्मभर बंद. सगळे तुम्हाला विचारतील, "मग पोळीचं काय करणार?" पोळी सुटते हो. आधी त्या पाच वस्तूंकडे बघा.

फोडणीतला डबीतला हिंग निखळ नसतो. झाडाचा चीक फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. निदान झाल्यावर मी पोळी, ब्रेड, बिस्किटं त्याच दिवशी बंद केली होती. तरी चार महिने पोट फुगायचं, तोंड यायचं, जिने चढताना धाप लागायची. शेवटी इथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला स्वयंपाकघरातली एकेक बरणी आणि डबी आणायला लावली. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं. वरण, भाजी, आमटी, ताकाची कढी, लोणचं, सगळ्यांत मी तो रोज घालत होते.

भाजणीत गहू असतो, मेतकुटातही बऱ्याच घरी असतो. गोड्या मसाल्यात आणि लोणच्यात हिंग असतो. त्या पिशव्या आईच्या हातच्या आहेत, हे मला माहीत आहे. तरी घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या, आणि आईला फोन करून गहू न घातलेली भाजणी करायला सांगा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे एवढ्यात सुरेख थालीपीठ होतं. इंडियन दुकानात तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, खडा हिंगही मिळतो. खड्यातही कधी गव्हाचं पीठ असतं, म्हणून लेबल वाचून खडा घ्या, तुपात फुलवा, कुटून ठेवा. वासही जास्त चांगला येतो.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे हे कोण सांगतंय ते कळेल. मी बार्शीची, ज्वारीवर वाढलेली. २०१० साली रेडिंगला आले आणि नोकरीच्या धावपळीत भाकरी सुटली. सकाळी टोस्ट, दुपारी सँडविच, रात्री विकतच्या पोळ्या. दोन वर्षांत हिमोग्लोबिन घसरलं, केस गळायला लागले. मला वाटायचं इथलं हवापाणी मानवत नाहीये. आपल्यापैकी पुष्कळांना असंच वाटतं आणि वर्षं निघून जातात. म्हणून ज्यांचं निदान अजून झालेलं नाही, फक्त संशय आहे, त्यांना एक कळकळीची विनंती: तपासणीआधी गहू बंद करू नका. रक्ततपासणीत अँटिबॉडी शोधतात, आणि गहूच खाल्ला नाही तर त्या सापडत नाहीत. इथल्या मार्गदर्शक नियमांनुसार तपासणीआधी किमान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळा ग्लुटेन पोटात जायला हवं. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जा, रक्त द्या, गरज पडली तर एंडोस्कोपी करून घ्या. निदान कागदावर आलं की वर्षाला तपासणी, हाडांच्या घनतेचा स्कॅन, लोह आणि ड जीवनसत्त्वाची चाचणी, हे सगळं मागता येतं. आईवडील, भावंडं, मुलं यांनाही सांगा. ब्रिटनमध्ये साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, पण रुग्णाच्या रक्ताच्या नात्यात दहात एकाला असू शकतो.

"थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" हा प्रश्न तुम्हाला आयुष्यभर ऐकू येणार आहे, म्हणून उत्तर पाठ करून ठेवा. ही अ‍ॅलर्जी नव्हे. ग्लुटेन आत गेलं की आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते आणि अन्न शोषून घेणारे अंकुर झिजतात. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं. इटलीत झालेल्या एका अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग, तीन महिने दिल्यावर आतड्याला इजा झालेली दिसली. चाळिसावा भाग म्हणजे टोस्टरच्या तळाशी पडलेला चुरा. माझ्या सासूबाईंना हे आकडे पटले नाहीत. त्यांना डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट पटली. आजारी मुलांना गव्हाशिवाय ठेवलं की ती सुधारतात, हे त्याने पाहिलं, आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी असली मुलं खंगून जायची. "लेकरं वाचली म्हणतेस ना, मग झालं," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी माझा तवा वेगळा ठेवला.

आता दुकान. लेबल वाचण्याच्या बाबतीत हा देश फार सोयीचा आहे. १४ अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ, ठळक अक्षरांत छापायचा कायदा आहे, त्यामुळे घटकांच्या यादीत व्हीट, बार्ली, राय, ओट्स हे शब्द डोळ्यांत भरतात. २०२१ पासून दुकानातच बनवून तिथेच पॅक केलेल्या सँडविचवरही पूर्ण यादी लागते. "ग्लुटेन-फ्री" लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. "व्हीट-फ्री" मात्र वेगळं, त्यात सातू किंवा राय असू शकते. माल्टवर नजर ठेवा. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये सातूचं माल्ट असतं, आणि आपण मुलांसाठी आठवणीने आणतो त्या हॉर्लिक्समध्ये गहूही असतो आणि सातूही. सोया सॉसमध्ये गहू असतो. ब्रिटिश सॉसेजमध्ये रस्क नावाचा पावाचा चुरा घालतात. ओट्स फक्त ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, आणि सुरुवातीला आहारतज्ज्ञांना विचारूनच. "फ्री फ्रॉम" शेल्फवरचा ब्रेड महाग आणि छोटा असतो, डब्यासाठी एखादं पाकीट ठेवा, पण त्यावर जगू नका. इंग्लंडमध्ये काही भागांत ब्रेड आणि पीठ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, बऱ्याच भागांत बंद झालंय. तुमच्या जीपीला विचारून ठेवा. सिलिअ‍ॅक यूके या संस्थेचं सभासद व्हा. त्यांच्या अ‍ॅपमध्ये बारकोड स्कॅन करता येतो, आणि पहिल्या सहा महिन्यांत तो हाताशी असला की दुकानात रडू येत नाही.

आता माझ्या आवडीचा विषय: भाकरी. इंडियन दुकानात ज्वारीचं पीठ "जुवार", बाजरीचं "बाजरी" आणि नाचणीचं "रागी" नावाने मिळतं. पाकिटावर गव्हाच्या गिरणीत दळल्याची सूचना आहे का ते बघा, असेल तर ठेवून द्या. आणि तारीख बघा. इथे येईपर्यंत ज्वारीचं पीठ काही महिन्यांचं झालेलं असतं, त्याची विरी गेलेली असते, आणि थापताना भाकरीला चिरा पडतात. नवीन मुली मला फोन करतात, "ताई, मला भाकरी येतच नाही." येते. पीठ जुनं आहे. पाणी खळखळून उकळा, मीठ घाला, पीठ टाकून उकड काढा, झाकून दहा मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच तळहाताने खूप मळा. चिकटपणा ग्लुटेनचा नसून उकडीचा असतो. पीठ आणल्याबरोबर फ्रीझरमध्ये ठेवलं तर जास्त टिकतं.

मी स्वतः आता अख्खी ज्वारी आणते, परातीत निवडते (त्यात गव्हाचा एखादा दाणा असतोच) आणि घरघंटीवर दर आठवड्याला थोडीशी दळते. त्या पिठाची भाकरी पांढरीशुभ्र आणि मऊ होते. इथल्या काचेच्या शेगडीवर ज्योत नसते, म्हणून भाकरी फुगत नाही अशी तक्रार असते. पाणी लावलेली बाजू वाळली की उलटा, दुसरी बाजू पूर्ण भाजा, मग पुन्हा पहिल्या बाजूवर घालून सुती फडक्याने कडा हलक्या दाबत राहा. फुगते.

बाकी आपलं स्वयंपाकघर बघा, किती श्रीमंत आहे. पोहे, घावन, आंबोळी, पिठलं, उकडीचे मोदक, तांदळाची भाकरी. आणि उपासाचं ताट तर जवळजवळ सगळंच आपलं: साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. एकादशीला मी कुणाकडेही निर्धास्त जाते, फक्त वडे वेगळ्या तेलात तळलेत का एवढं विचारते. उलट शिरा, उपमा, शेवया, पुरणपोळी, गुळपोळी गेल्या. कुरडई गव्हाच्या चिकाची, ती पापडांच्या शेजारी बसून फसवते.

चार-पाच जणांत घर घेतलं असेल तर ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोला. स्टीलची भांडी धुतली की झालं. पण लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी डाव, पिठाची चाळण, बिडाचा तवा आणि टोस्टर हे स्वतःचं वेगळं हवं. लोणी आणि जॅमची बाटलीही वेगळी, कारण सुरीला चुरा लागलेला असतो. वरचं कपाट तुम्ही घ्या, खालचं त्यांना द्या, म्हणजे कणीक सांडली तर तुमच्या डब्यांवर पडणार नाही. एक हिरवी चिकटपट्टी आणा आणि आपल्या प्रत्येक वस्तूला लावा. माझी मुलगी दोन वर्षांची असल्यापासून "हिरवं आईचं" म्हणते.

बाहेर खाताना शब्द नेमका वापरा. "मी गहू खात नाही" म्हटलं की त्यांना ती आवड वाटते. "आय हॅव सिलिअ‍ॅक डिसीज" म्हणा, हसून पण ठामपणे, आणि अ‍ॅलर्जनची माहिती मागा. ती देणं त्यांना बंधनकारक आहे. पबमध्ये चिप्स तळायची कढई वेगळी आहे का विचारा, कारण त्याच तेलात मैद्याच्या पिठातला मासा तळतात. ग्रेव्हीत बहुधा मैदा असतो. काहीच जमलं नाही तर चीज घातलेला भाजलेला बटाटा, म्हणजे जॅकेट पोटॅटो, आपल्या शाकाहारी माणसांचाही तारणहार आहे. इंडियन हॉटेलात मात्र ग्लुटेन हा शब्द उपयोगी पडत नाही. हिंदीत विचारा: आटा, मैदा, रवा, हिंग? आणि तंदूर. ज्या भट्टीच्या भिंतीवर नान थापतात, तिच्यातच पनीर टिक्का भाजतात. एका हॉटेलात मला मालकांनी स्वतः खात्री दिली होती, तरी मी तीन दिवस आडवी होते. तेव्हापासून मी आचाऱ्याशी बोलल्याशिवाय ऑर्डर देत नाही.

आता अवघड भाग: आपली माणसं. हळदीकुंकू, गणपती, सत्यनारायण. प्रसादाचा शिरा रव्याचा असतो आणि नाही म्हणताना जीव कासावीस होतो. मी दोन्ही हातांनी प्रसाद घेते, कपाळाला लावते, नवऱ्याच्या हातात देते आणि ताटातलं केळं उचलते. आजवर कुणी रागावलं नाही. मंडळाच्या जेवणाला जाताना फोन आधीच करते आणि आपला एक पदार्थ मोठ्या पातेल्यात घेऊन जाते, बहुतेकदा मसालेभात, माझ्या हिंगाचा. सगळ्यांच्या आधी वाढून घेते, म्हणजे पोळीच्या ताटातला चमचा भाजीत जायच्या आत माझं ताट भरलेलं असतं. नव्या जागी एकटं वाटतं तेव्हा जेवणाची आमंत्रणं टाळायचा मोह होतो. टाळू नका. डबा घेऊन जा, पण जा.

प्रवासात विमानाचं तिकीट काढल्यावर ग्लुटेन-फ्री जेवण आधीच नोंदवावं लागतं, पण एकाच प्रकारचं खास जेवण निवडता येतं. ग्लुटेन-फ्री निवडलंत तर ताटात कोंबडी येऊ शकते. शाकाहारी असाल तर दशम्यांऐवजी राजगिऱ्याच्या वड्या, भाजलेले शेंगदाणे, चिवडा आणि भाकरीचा डबा बरोबर ठेवा. युरोपात फिरायचं तर पहिली सहल इटलीची करा. पास्त्याच्या देशात भीती वाटते, पण तिथे या आजाराची जाण फार चांगली आहे. रुग्णांना सरकार दरमहा ग्लुटेन-फ्री अन्नासाठी पैसे देतं, आणि २०२३ मध्ये मुलांच्या तपासणीचा कायदाही झाला. "सेंझा ग्लुतिने" एवढे दोन शब्द पुरतात. रोमला मी अकरा वर्षांनी पिझ्झा खाल्ला आणि टेबलावरच डोळे भरून आले.

भारतात जाताना तयारी जास्त लागते. हॉटेलात सांबारात हिंग असतो, डोशाचा तवा आणि रवा डोशाचा तवा एकच असतो. मी इडली घेते, रव्याची नाही ना विचारून, नारळाच्या चटणीला फोडणी नको सांगते, आणि दहीभात. आईकडे एक स्टीलचा डबा कायमचा ठेवलाय: माझं लाटणं, चाळण, खडा हिंग. आणि ज्वारी गिरणीत जात नाही. गिरणीत आपल्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, जात्याच्या पाळ्यांत ते राहतात, आणि आपल्या पहिल्या पायलीत उतरतात. शेजारच्या काकूंच्या घरघंटीवर आई आधी दोन मुठी तांदूळ दळून टाकते, ते पीठ काकूंना देते, आणि मग माझी ज्वारी घालते. यंदा जूनमध्ये मी पोचायच्या आदल्या संध्याकाळी तिने फोन करून फक्त एवढंच विचारलं होतं, "तांदूळ दोन मुठी पुरतील ना गं, का तीन घालू?"