मार्फाचे दिवे: बघावेत कसे, पारखावेत कसे

टेक्ससमधल्या मार्फा गावाजवळ रात्री माळावर लुकलुकताना दिसणारे, लोक ज्यांना भुतांचे म्हणतात ते दिवे बघायला बरेच जण काळोख पडल्यावर पोचतात आणि डोंगर कुठे, रस्ता कुठे, याचा पत्ताच नसतो. तुम्ही सूर्यास्ताच्या तासभर आधी जा. गावाच्या पूर्वेला सुमारे 14 किलोमीटरवर, 90 नंबरच्या महामार्गालगत निरीक्षण केंद्र आहे. नैर्ऋत्येकडे तोंड करा. समोर मिचेल फ्लॅटचं माळरान, पलीकडे चिनाटीचे डोंगर.

उजेड आहे तोवर ट्रायपॉड रोवून एक फोटो घ्या. मग ट्रायपॉडला रात्रभर हात लावायचा नाही, शेजारचा कितीही गोड बोलला तरी. काळोखात फोकस हाताने अनंतावर ठेवून शटर 20-20 सेकंद उघडं ठेवून फोटो काढत राहा. विजेरी लाल काचेची वापरा. घरी हे सगळे फोटो दिवसाच्या फोटोवर चढवा. दिव्यांच्या रेघा पुन्हा पुन्हा एकाच ओळीवर पडल्या, तर ती ओळ बहुधा मार्फाहून प्रेसिडिओला जाणारा 67 नंबरचा रस्ता असेल, म्हणजे दिवे गाड्यांचे.

डॅलसच्या टेक्सस विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी 2004 मध्ये याहून सरळ उपाय केला: त्याच रस्त्यावर आपली गाडी पाठवली आणि केंद्रावरून तिचे दिवे ओळखले. फोनवर बोलणारा एक मित्र असेल तर तुम्हालाही जमेल. मित्राने गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊनच दिवे उघडझाप करावेत.

पण मग दिवे का नाचतात, फुटून दोन का होतात? हे पठार 1,400 मीटरहून उंच. सूर्य बुडाला की जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची ऊबदार राहते. अशा थरांतून येणारा प्रकाश वाकतो, थरथरतो. दिवा जागेवरून उचलल्यासारखा दिसतो. मला विचाराल तर खरा तमाशा हाच आहे.

1883 साली एलिसन नावाच्या गुराख्याने हे दिवे पाहिल्याची गोष्ट कुणीतरी काढणारच: तेव्हा मोटारी कुठे होत्या? एक तर ती हकीकत घरच्यांच्या तोंडून पुढे आली. दुसरं, शेकोटीचा उजेडही असाच वाकतो.

ओळीबाहेरचा दिवा दिसलाच तर वेळ, दिशा, रंग लगेच लिहा. त्याच्या मागे माळावर मात्र उतरू नका. कुंपणापलीकडची जमीन खासगी आहे.