दोघांनी मिळून ॲनिमेशन शिकायचंय? रहाडीतल्या एका धप्प्यापासून सुरू करा

नवरा-बायको मिळून ॲनिमेशन शिकायचं ठरवतात आणि दोन लॅपटॉपवर दोन वेगळे ट्युटोरियल लावून बसतात, मग एकाचं पुढे सरकतं आणि दुसऱ्याचं बंद पडतं. माझं ऐका, दोघांत मिळून एकच प्रोजेक्ट घ्या, फक्त १५ सेकंदांचा, कागद कापून केलेला स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू जरा जरा सरकवत एकेक फोटो काढायचा आणि ते सलग जोडून हालचाल दाखवायची, कारण त्यात खरंच चार हात लागतात.

विषय नाशिकचाच घ्या. रंगपंचमीला तिवंध्याच्या किंवा शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या मोठ्या हौदात, एक माणूस धप्पा मारतो, म्हणजे उडी घेतो, बस. उडीआधी गुडघ्यात वाकणं, हवेतली कमान, पाण्यावर आदळणं, रंगून वर येणं, शिकण्यासारखं जवळपास सगळं एवढ्यातच येतं.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो पण एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ फोटोत भागतं, म्हणजे एकूण १८० फोटो, दोन रविवार निवांत दिले तरी होतं.

माणूस कार्डशीटचा करा, धड, हात, मांड्या, पोटऱ्या वेगवेगळ्या कापा आणि सांध्याला सुईने भोक पाडून दोरा ओवा, दोन्हीकडून गाठ मारा. पाण्याला पतंगाचा कागद घ्या आणि तो हाताने फाडा, कात्रीने कापला तर कडा फार सरळ येतात. मोबाइल टेबलाच्या बरोब्बर वर, खाली तोंड करून पक्का बसवा. खिडकी बंद करून पडदा ओढा, कारण ऊन हलत राहतं आणि मग व्हिडिओ लुकलुकतो. फोकस आणि एक्सपोजर (फोटोत किती उजेड येतो ते) लॉक करा. घरच्या एलईडीखाली मॅन्युअलमध्ये शटर १/५० सेकंदावर ठेवून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे पट्टे येणं बरंच कमी होतं. स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये ओनियन स्किन चालू ठेवा, मागचा फोटो पुसट दिसत राहतो आणि किती सरकवायचं ते कळतं.

आता खरी मजा, उडी. आधी गच्चीवर एकमेकांचा उडी मारतानाचा व्हिडिओ काढा आणि तो थांबवत थांबवत बघा. एक मीटर खाली यायला साधारण ०.४५ सेकंद लागतात, आपल्या हिशोबात पाच-सहा फोटो. कमानीच्या टोकाला माणूस जरा जरा सरकवा, खाली येताना दोन फोटोंमधलं अंतर वाढवत न्या, वजन ह्या अंतरातूनच येतं हो! सगळीकडे सारखं अंतर ठेवलं तर माणूस दोरीवरून घसरल्यासारखा दिसतो. उडीआधी वाकलेल्या पोझमध्ये तीन-चार फोटो तसंच थांबा, बघणाऱ्याला काय होणार ते कळायला वेळ मिळतो. पाण्याचे तुकडे पहिल्या फोटोत छोटे, दुसऱ्यात एकदम मोठे आणि मग हळूहळू विखुरलेले.

कामं वाटून घ्या पण कायमची नको. एका शॉटला ती बाहुला हलवेल आणि तो कॅमेरा, मोजणी बघेल, पुढच्या शॉटला उलटं, नाहीतर "तू चित्रं, मी कम्प्युटर" असं होऊन दोघंही अर्धंच शिकतात. ज्याचे हात बाहुल्यावर त्याचा शब्द शेवटचा, आणि शॉट पूर्ण प्ले करून बघेपर्यंत दुसऱ्याने सूचना द्यायची नाही. हा नियम मनापासून पाळा, खूप भांडणं वाचतात.

आणि हे आपल्या मातीत नवीन नाहीच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या रोपाची वाढ फ्रेम-फ्रेम टिपली होती आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं शिकून करत होत्या. पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकात जाल तेव्हा सरस्वतीबाईंचीही आठवण काढा, मला त्यांचं फार कौतुक आहे.

आवाज शेवटी. बादलीत ओला टॉवेल आपटून रेकॉर्ड करा आणि पाण्याला पाय टेकतो त्याच फोटोवर लावा, एक-दोन फोटो उशीर झाला तरी खटकतं. फोटो आणि आवाज जोडायला दाविंची रिझॉल्व्ह ह्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फ्री आवृत्ती पुरते. हे झालं की तीच उडी ब्लेंडर ह्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, ग्रीस पेन्सिल ह्या त्यातल्या चित्रं काढायच्या साधनाने पुन्हा काढा, तोही फुकट आहे, आणि टायमिंग हातात बसलेलं असल्यामुळे फक्त सॉफ्टवेअरची बटणंच शिकायची राहतात.