शेजारचा अर्ज असो की आपला: न्यू जर्सीतल्या झोनिंग व्हेरियन्सची तयारी

न्यू जर्सीत घराची वाढ, मागचा डेक, आई-वडिलांसाठी खाली दुसरं स्वयंपाकघर किंवा देवळाची नवी इमारत, यातलं काहीही टाऊनच्या आकड्यांत बसलं नाही की जमीनवापराच्या नियमातून सूट, म्हणजे व्हेरियन्स, मागावी लागते आणि प्रकरण झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटपुढे जातं. तिथे वजन पडतं ते जमिनीबद्दलच्या पुराव्याचं. अर्जदाराच्या घरात माणसं वाढली, जिना चढवत नाही, मोठं घर परवडत नाही, ही कारणं खरी असली तरी १९७५च्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये ती 'अडचण' ठरत नाहीत. शेजाऱ्याला नवे लोक आवडत नाहीत, हेही कारण होत नाही. दोघांची तयारी बरीचशी एकाच कागदपत्रांवरून होते, म्हणून इथे दोघांसाठी एकत्रच लिहिलं आहे.

पहिला कागद म्हणजे झोनिंग ऑफिसरचं नकारपत्र. त्यात कोणत्या कलमाखाली किती फूट किंवा किती टक्के कमी-जास्त आहे ते लिहिलेलं असतं. नसेल तर लेखी मागून घ्या. ऑफिसरने नियमच चुकीचा वाचला असं वाटत असेल तर व्हेरियन्स मागण्याआधी त्या निर्णयावर अपील करता येतं, पण त्याला फक्त २० दिवस आहेत. शेजारच्या घराला चुकून परवाना दिला गेला असेल तरी मार्ग हाच. कळल्या दिवसापासून हालचाल करावी. पाया भरून झाल्यावर जाग आली तर फार उशीर झालेला असतो.

मग आपला व्हेरियन्स कोणत्या जातीचा ते ओळखा, कारण पुढची सगळी तयारी त्यावर ठरते. सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर), प्लॉटची रुंदी, कव्हरेज (प्लॉटचा झाकलेला भाग) अशा मापांचा असेल तर तो 'सी'; ही नावं कायद्यातल्या पोटकलमांच्या अक्षरांवरून पडली आहेत. झोनमध्ये परवानगी नसलेला वापर, जुन्या बेकायदा न ठरणाऱ्या पण नियमात न बसणाऱ्या वापराची वाढ, फ्लोअर एरिया रेशो (मजल्यांच्या एकूण क्षेत्रफळाचं प्लॉटशी प्रमाण) किंवा घरांची घनता ओलांडणं, आणि मुख्य इमारतीची उंची मर्यादेपेक्षा १० फूट किंवा १० टक्क्यांहून जास्त होणं, हे 'डी'. ३५ फुटांची मर्यादा असेल तर ३८ फुटांचं घर 'सी'त राहतं, ३९ फुटांचं 'डी'त जातं. 'सी'ला हजर सभासदांचं बहुमत पुरतं. 'डी'ला सातांच्या बोर्डात पाच होकार लागतात, आणि हजर पाचच असतील तर पाचही. त्या रात्री खुर्च्या मोजाव्यात. कमी भरल्या तर अर्जदाराने तारीख पुढे मागावी, बोर्ड सहसा देतं. दुसऱ्या स्वयंपाकघराचं प्रकरण बरेच जण किरकोळ समजतात. अनेक टाऊन त्याला दुसरं घर मानतात, आणि मग ते थेट 'डी' होतं.

सर्व्हे ताजा हवा. घर घेताना मिळालेल्या सर्व्हेवर मागच्या मालकाने नंतर टाकलेली शेड, पेव्हर्स किंवा रुंद केलेला ड्राइव्हवे नसतो, आणि गणित तिथेच चुकतं. उदाहरण घ्या. १०,००० चौरस फुटांचा प्लॉट, पाणी न मुरणाऱ्या भागाची मर्यादा ३० टक्के, म्हणजे ३,००० चौरस फूट. घराचा ठसा १,६००, ड्राइव्हवे ८००, पायवाट १८०, शेड १२०, झाले २,७००. उरले ३००, आणि सोळा बाय वीसचं काँक्रीटचं पॅटिओ होतं ३२०. वीस फुटांसाठी अख्खी सुनावणी करण्यापेक्षा पॅटिओ लहान करणं किंवा शेड काढणं केव्हाही स्वस्त. फळ्यांच्या फटीतून पाणी खाली जाणारा डेक काही टाऊन या हिशेबात धरत नाहीत, काही धरतात. तुमच्या टाऊनची व्याख्या वाचल्याशिवाय आराखडा काढायला देऊ नका. आराखड्यावर एक तक्ता असतो: झोनची अट, आजची स्थिती, प्रस्ताव. शेजाऱ्यानेही सगळ्यात आधी तोच तक्ता पाहावा आणि शेजारी कॅल्क्युलेटर ठेवावा.

अर्जासोबत टाऊनच्या चेकलिस्टप्रमाणे प्रती, कर भरल्याचा दाखला, फी आणि एस्क्रो (टाऊनकडे आगाऊ ठेवायची रक्कम) जातो. फी परत मिळत नाही. एस्क्रोमधून टाऊनचे इंजिनिअर आणि प्लॅनर आपल्या तासांचे पैसे घेतात, संपला की भर घालावी लागते, आणि भर घातली नाही तर प्रकरण तिथेच अडतं. अर्ज पूर्ण आहे की नाही हे टाऊनने ४५ दिवसांत सांगायचं असतं; पूर्ण झाल्यावर निर्णयाला १२० दिवस. घर एलएलसीच्या नावावर असेल तर स्वतः उभं राहता येत नाही, वकील लागतोच. हा नियम शेजाऱ्यांच्या बाजूलाही आहे: होमओनर्स असोसिएशनचा अध्यक्ष स्वतःपुरता बोलू शकतो, संस्थेची बाजू वकीलच मांडतो.

सगळ्यात जास्त प्रकरणं नोटिशीत फसतात. टॅक्स असेसरकडून २०० फुटांतल्या मालकांची प्रमाणित यादी घ्या. त्याला दर नावाला २५ सेंट किंवा १० डॉलर, यातलं जास्त असेल ते लागतं आणि ती सात दिवसांत मिळायला हवी. २०० फूट चारही दिशांना मोजायचे, टाऊनची हद्द मध्ये आली तरी थांबायचं नाही. हद्द त्यात येत असेल तर शेजारच्या टाऊनच्या क्लार्कला, काउंटीचा रस्ता असेल तर काउंटी प्लॅनिंग बोर्डाला आणि राज्य महामार्ग लागून असेल तर राज्याच्या वाहतूक आयुक्तांनाही नोटीस जाते. ती हातात द्यायची किंवा सर्टिफाइड मेलने पाठवायची, आणि जाहीर प्रसिद्धीही करायची, सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी. स्थानिक साप्ताहिकात जाहिरात द्यायची असेल तर एक अंक हुकला की सुनावणी पुढच्या सभेपर्यंत, बहुधा महिनाभर, लांबते, म्हणून चौदा दिवसांचा हिशेब धरा. मजकुरात तारीख, वेळ, जागा, ब्लॉक आणि लॉट (कराच्या नकाशावरचे क्रमांक) किंवा पत्ता, कागद कुठे पाहायला मिळतील, आणि नेमकं काय करायचं आहे ते साध्या माणसाला कळेल असं लिहायला हवं. 'बांधकामविषयक सवलती' असं मोघम लिहून तिथे दुकान काढायचं असेल तर नोटीस सदोष ठरते, बोर्डाला अधिकारच उरत नाही आणि मिळालेली मंजुरीही कोर्टात पडू शकते. शेवटी शपथपत्र, पोस्टाच्या पावत्या आणि जाहिरातीचा पुरावा बोर्डाच्या सेक्रेटरीकडे.

शेजाऱ्यांनी इथे दोन फटी ओळखाव्यात. नोटीस मालकाला जाते, भाडेकरूला नाही. आणि वर-खाली युनिट असलेल्या काँडोत ती असोसिएशनला दिली तरी चालते, म्हणजे तुमच्या पेटीत पत्र येईलच असं नाही. पण पत्र न येणं म्हणजे बोलायचा हक्क नसणं नव्हे. आपल्या मालमत्तेच्या वापरावर परिणाम होतोय हे दाखवता आलं तर २०० फुटांबाहेरचा माणूसही हितसंबंधी ठरतो.

नकाशे आणि कागद सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी पाहायला ठेवलेले असलेच पाहिजेत. शेजाऱ्याने ते स्वतः पाहावेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नये. पाहायचं काय? पाणी कुठून कुठे वाहणार, दिवे कुणाच्या खिडकीकडे, कचऱ्याचा डंपस्टर कुठे, गाड्या वळणार कुठे, कोणती झाडं जाणार. टाऊनच्या इंजिनिअरचं आणि प्लॅनरचं परीक्षणपत्र फाइलमध्ये असेल तर ते आधी वाचा. तुमचे निम्मे प्रश्न त्यात आधीच विचारलेले असतात, आणि टाऊनच्याच माणसाचा आक्षेप बोर्ड सहसा दुर्लक्षित करत नाही.

अर्जदाराने शेजाऱ्यांकडे नोटीस जाण्यापूर्वी जावं, नकाशा घेऊन. चहा होतो, आणि कुंपणालगत झाडं लावण्यावर मिटणारा आक्षेप तिथेच मिटतो. प्लॉट नियमापेक्षा लहान असेल तर लागूनच्या मालकांना पत्र द्यायला हवं: तुमची थोडी जमीन विकता का, किंवा आमचा प्लॉट रास्त भावाने घेता का. उत्तर नकाराचं येणार हे माहीत असलं तरी पत्र हवंच, कारण अडचण दूर करायचा प्रयत्न केला याचा तो पुरावा आहे. बोर्डाच्या सभासदांना मात्र दोन्ही बाजूंनी बाहेर गाठू नये. हे मंडळ अर्धन्यायिक आहे. सभासदाशी दुकानात बोललात तर त्याला बाजूला व्हावं लागतं, आणि तुमच्या बाजूने मत बनवलेलाच एक माणूस कमी होतो. मेयर आणि कौन्सिलर ओळखीचे असून काही उपयोग नाही, मत त्यांचं नसतं.

आता पुरावा. 'सी'चे दोन रस्ते. पहिला जमिनीच्या अडचणीचा: प्लॉट अरुंद, उथळ, वेडावाकडा, उताराचा, किंवा त्यावर आधीपासून कायदेशीर उभं असलेलं घर आडवं येतं. दुसरा असा की नियम मोडण्यातून होणारा सार्वजनिक फायदा नुकसानीपेक्षा ठळकपणे जास्त आहे. स्वतःच प्लॉट तोडून अरुंद केला असेल तर पहिला रस्ता बंद. दोन्हींत, आणि 'डी'तही, नकारात्मक कसोटी राहतेच: लोकांचं भरीव नुकसान नाही, आणि झोनिंगच्या हेतूला भरीव धक्का नाही. अर्जदार पहिल्या अर्ध्यावर तासभर बोलतात आणि हे दुसरं अर्धं दोन वाक्यांत उरकतात. हरकत घेणाऱ्याने तिथेच बोट ठेवावं. वापर बदलण्याच्या 'डी'त ही कसोटी आणखी कडक आहे. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८७च्या मेडिसी निकालापासून बोर्डाला हेही दाखवावं लागतं की टाऊनने हा वापर झोनमधून का वगळला आणि तरी तो इथे का चालेल. प्लॅनरच्या साक्षीशिवाय हे जमत नाही, तिथे पैसे वाचवू नयेत.

शेजाऱ्याचा पुरावा साधा असला तरी चालतो, पण मोजलेला हवा. 'पाणी साचेल' म्हणण्यापेक्षा हिशेब मांडा: ३२० चौरस फुटांवर एक इंच पाऊस म्हणजे साधारण २०० गॅलन, ते मुरवणारा ड्रायवेल आराखड्यात आहे का? आपल्या अंगणात आजच पाणी साचत असेल तर तारखेसह फोटो काढा, आणि ते कागदावर छापून न्या. फोनवर दाखवलेला फोटो रेकॉर्डला लागत नाही. छापील फोटोला क्रमांक मिळून तो पुरावा होतो, आणि कधी-कुठे काढला हे काढणाऱ्यानेच शपथेवर सांगायचं असतं. 'घरांच्या किमती पडतील' हे मूल्यांकन तज्ज्ञाशिवाय कुणी बोललं तर ते नुसतं मत राहतं. सह्यांच्या निवेदनाचंही तसंच: कागदाची उलटतपासणी करता येत नाही, म्हणून बोर्ड ते बाजूला ठेवतं. दोनशे सह्यांपेक्षा खोलीत आलेली चार माणसं जड, आणि चौघांनी विषय वाटून घेतले असतील तर आणखी जड.

सुनावणीच्या रात्री क्रम असा: अर्जदाराचा एकेक साक्षीदार, त्यानंतर बोर्डाचे आणि मग लोकांचे प्रश्न. इथे फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही त्या साक्षीदाराच्या विषयावर. इंजिनिअरला वाहतुकीबद्दल विचारलं की अध्यक्ष थांबवतात आणि माणूस चिडून घरी जातो, खरं मत मांडायची वेळ शेवटी असते हे त्याला ठाऊकच नसतं. प्रकरण पुढे गेलं आणि अध्यक्षांनी तिथेच तारीख जाहीर केली तर नवी नोटीस येणार नाही. लवकर उठून जाऊ नका, तारीख लिहून घ्या.

देवळाचा किंवा प्रार्थनास्थळाचा अर्ज असेल तर दोन्ही बाजूंची तयारी वेगळी. शाळा, रुग्णालयांप्रमाणे प्रार्थनास्थळही स्वभावतः लोकहिताचा वापर मानला जातो, आणि त्याच कोर्टाच्या १९९२च्या सिका निकालाप्रमाणे बोर्ड फायदा नि त्रास तोलतं, त्रास अटी घालून किती कमी होतो तेही पाहतं. त्यामुळे शेजाऱ्यांची ताकद अटी सुचवण्यात आहे. देवळाच्या समितीने रोजच्या आरतीचा नव्हे, गणेशोत्सव आणि दिवाळीच्या गर्दीचा आकडा स्वतःहून द्यावा: किती गाड्या, जादा पार्किंग कुणाच्या आवारात लेखी कराराने, शटल किती वेळा, रस्त्यावर पोलीस कोण बोलावणार, ढोल-ताशा आत की बाहेर आणि किती वाजेपर्यंत. समितीने आकडा कमी सांगितला आणि पहिल्याच चतुर्थीला गल्ली भरली तर पुढच्या प्रत्येक अर्जाला तो आठवला जातो. उलट पार्किंगच्या आडून धर्मावर बोट ठेवणंही महाग पडतं. २०००चा संघीय कायदा, आरएलयूआयपीए, प्रार्थनास्थळांना जमीनवापराच्या बाबतीत संरक्षण देतो. बर्नार्ड्स टाऊनशिपच्या प्लॅनिंग बोर्डाने २०१५मध्ये एका मशिदीचा अर्ज नाकारला, चर्चपेक्षा वेगळा पार्किंगचा निकष लावल्याचं कोर्टात ठरलं, आणि २०१७च्या तडजोडीत ३२ लाख ५० हजार डॉलर द्यायचं ठरलं.

अटी मंजूर झाल्या तर शब्द पाहून घ्या. 'पुरेशी झाडी' ही अट कुणालाच बांधत नाही. 'पूर्व हद्दीवर सहा फूट उंचीची सदाहरित झाडं, दर सहा फुटांवर एक, मेलं तर एका हंगामात बदलायचं' ही बांधते. तोंडी मतदानानंतर ४५ दिवसांत लेखी रेझोल्यूशन (बोर्डाचा ठराव) येतं, आणि त्यात नसलेली अट नंतर अमलात आणता येत नाही.

निर्णय प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत सुपीरियर कोर्टात जाता येतं. म्हणून अर्जदाराने प्रसिद्धी झाली का ते स्वतः तपासावं. ती झालीच नसेल तर मुदत सुरूच होत नाही. या ४५ दिवसांत खोदाई केली तर ती स्वतःच्या जोखमीवर. कोर्टात नवा पुरावा चालत नाही, बोर्डापुढच्या रेकॉर्डवरच सगळं ठरतं, आणि रेकॉर्डिंगचा प्रमाणित उतारा अपील करणाऱ्याने स्वखर्चाने करून घ्यायचा. व्हेरियन्स मालकाबरोबर संपत नाही, जमिनीबरोबर पुढे जातो. मात्र कित्येक टाऊनच्या नियमांत बांधकाम सुरू करायची मुदत असते आणि ती उलटली की तो रद्द होतो. ती तारीख कॉन्ट्रॅक्टरशी बोलण्याआधी काढून ठेवावी, आणि मुदतवाढ लागणार असेल तर अर्ज मुदत संपण्यापूर्वी द्यावा.